रोपलेल्या दांतांचें आयुष्य

नागपुरांतील महाल किंवा इतवारी भागांतल्या जुन्या घरांतून रात्रीं आजोबांची कवळी पाण्याच्या वाटींत पडल्याचा बारीकसा आवाज झाला, कीं आतां निजानीज झाली असें समजण्याचा प्रघात आहे. सकाळीं तीच कवळी पुन्हां तोंडांत चढते, जेवतांना हलते, बोलतांना शब्द घसरवते आणि ऊस, भाजलेलें कणीस, हरभरे यांचा कायमचा निरोप घ्यावयास लावते. नागपूरकरांचें सुदैव इतकेंच कीं संत्र्याला दांत फारसे लागत नाहींत. अशा गृहस्थांना हल्लीं धंतोली वा रामदासपेठ येथील एखाद्या दंतवैद्याकडे नेलें म्हणजे जबड्याच्या हाडांत धातूचा स्क्रू बसवून त्यावर पक्का दांत उभा करण्याची गोष्ट निघते. घरीं खल सुरू होतो. खर्च थोडा नसतो; नातीच्या शिक्षणाकरितां ठेवलेल्या पैशाला हात लावावा कीं काय, येथपर्यंत मजल जाते. मग आजोबाच सर्वांत शहाणपणाचा प्रश्न विचारतात : "टिकेल किती वर्षें?" या प्रश्नाला "जन्मभर" असें एका शब्दांत उत्तर मिळालें, तर तें अपुरें समजावें.

हाडांत परकी वस्तु रोवून तिच्याकडून दांताचें काम करून घेण्याची हौस फार जुनी आहे. मध्य अमेरिकेंतील होन्डुरास देशांत १९३१ सालीं सांपडलेल्या, सुमारें तेराशें वर्षांपूर्वींच्या एका जबड्यांत पुढच्या दांतांच्या जागीं शिंपल्यांचे तुकडे बसविलेले आढळले. परंतु हाड आणि धातु यांचें खरें सख्य जुळलें तें विसाव्या शतकांत, आणि तेंही दांतांचा विचार कोणाच्या मनांत नसतांना. स्वीडनमधील शास्त्रज्ञ पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडांतील रक्ताभिसरण पाहण्याकरितां टिटॅनियम धातूचें एक लहानसें उपकरण त्या हाडांत बसवीत असत. निरीक्षण संपल्यावर तें काढून घेऊं गेले, तों तें कांहीं केल्या निघेना. हाडानें त्या धातूला आपलेंसें केलें होतें. अशा वेळीं उपकरण वांया गेलें म्हणून हळहळणारे पुष्कळ निघाले असते. ब्रोनेमार्क यांनीं मात्र या अडचणींतच उपयोग पाहिला. १९६५ सालीं त्यांनीं येस्टा लार्सन नांवाच्या रोग्याच्या खालच्या जबड्यांत चार स्क्रू बसविले. लार्सन यांचा टाळू जन्मतः दुभंगलेला होता, जबड्यांतही व्यंग होतें आणि खाणें-बोलणें कष्टाचें झालें होतें. २००६ सालीं त्यांचा मृत्यु झाला तोंपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या स्क्रूंनीं त्यांची चाकरी केली.

तथापि एका माणसाच्या अनुभवावर शास्त्र उभें राहत नाहीं. १९८१ सालीं ब्रोनेमार्क यांच्या सहकाऱ्यांनीं पंधरा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. ३७१ रोग्यांचे ४१० दंतहीन जबडे आणि त्यांत बसविलेले २७६८ स्क्रू, असा तो पसारा होता. पांच ते नऊ वर्षें ज्यांच्यावर नजर ठेवली होती, त्यांपैकीं वरच्या जबड्यांतील शेंकडा ८१ आणि खालच्या जबड्यांतील शेंकडा ९१ स्क्रू घट्ट उभे होते. वर-खालच्या या फरकाचें मुख्य कारण साधें आहे. खालच्या जबड्याचें हाड शिसवी लांकडासारखें घट्ट, वरच्याचें पोकळ व भुसभुशीत. खिळा कशांत अधिक धरतो हें सुताराला विचारण्याची गरज नाहीं. १९८२ सालीं कॅनडांतील टोरॉन्टो येथें भरलेल्या परिषदेनंतर ही विद्या जगभर मान्यता पावली. पुढें स्क्रूचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत करण्यांत येऊं लागला, त्यामुळें हाडाची पकड सुधारली. दहा वर्षें वा त्याहून अधिक काळ रोग्यांचा पाठपुरावा केलेल्या संशोधनांचा एक एकत्रित आढावा २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत सरासरी १३.४ वर्षांअखेर शेंकडा ९४.६ स्क्रू जाग्यावर असल्याचें दिसून आलें. पोटाच्या वा हृदयाच्या पुष्कळ उपचारांना हेवा वाटावा असाच हा आंकडा आहे.

पण शेंकडेवारी हें प्रकरण शाळेंतल्या मुलांना जितकें फसवितें तितकेंच मोठ्यांनाही फसवितें. पहिली मेख अशी कीं, 'टिकला' याचा अर्थ 'तोंडांतून पडला नाहीं' एवढाच होतो. त्याच्या भोंवतालचें हाड किती झिजलें, हिरडींतून रक्त वा पू येतो काय, वरचा दांत दोनदां फुटून नवा करावा लागला काय, हें त्या आंकड्यांत येत नाहीं. दुसरी मेख मोजणीची. स्क्रू मोजावयाचे कीं माणसें? स्वीडनमध्यें २००३ सालीं हा उपचार घेतलेल्या लोकांची पुढें सुमारें नऊ वर्षांनीं पाहणी झाली. त्यांत दांत चढविण्यापूर्वींच गळून पडलेले स्क्रू शेंकडा अवघे १.४ होते, पण निदान एक तरी स्क्रू असा गमावलेलीं माणसें शेंकडा ४.४ निघालीं. आंकडा दोन्हीकडे खराच. दुकानदार पहिला सांगेल. ज्याच्या तोंडांत स्क्रू जावयाचा आहे त्यानें दुसरा विचारावा.

आतां या दांताला शत्रु कोणता? कीड त्याला लागत नाहीं, कारण धातूला कीड कसली लागणार? शत्रु आहे तो हिरडीच्या कडेला. नैसर्गिक दांताचें मूळ आणि हाड यांच्यामध्यें तंतूंची एक पातळ गादी असते. ती चावण्याचा दाब झेलते, खडा लागतांच मेंदूला वर्दी देते, आणि मुळाच्या मानेशीं हिरडीचे तंतु घट्ट गुंतलेले असल्यामुळें घाण सहसा खोल उतरूं शकत नाहीं. रोपलेल्या दांताला अशी गादी नाहीं, आणि हिरडी त्याला नुसती बिलगलेली असते, गुंतलेली नसते. म्हणून तेथें साचलेला मळ खालीं उतरला कीं हाडापर्यंत लवकर पोंचतो. २०१५ सालच्याच दुसऱ्या एका आढाव्याप्रमाणें असे दांत वापरणाऱ्यांत हिरडीची वरवरची सूज सरासरी शेंकडा ४३ जणांना, तर हाड खाणारा खरा रोग शेंकडा २२ जणांना आढळतो. पहिला प्रकार स्वच्छतेनें बरा होतो. दुसरा पुष्कळदां आटोक्यांत ठेवतां येतो, पण गेलेलें हाड पुरतें परत मिळविणें फार कठीण. सर्वांत घातकी गोष्ट ही कीं यांत फारसें दुखत नाहीं. नैसर्गिक दांत ठणकतो आणि माणसाला वैद्याच्या दारांत उभें करतो. हा दांत मुक्यानें हाड गमावतो, आणि हलूं लागला म्हणून माणूस धांवतो तेव्हां वाचविण्यासारखें थोडेंच उरलेलें असतें.

येथें नागपूरचा, किंबहुना साऱ्या विदर्भाचा, एक घरगुती शत्रु सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं. तो म्हणजे खर्रा. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदावर घोटून पानठेल्यावर तयार होणारी ही चीज गालांत धरण्याची संवय कोंवळ्या वयांत लागते. २०१२ सालीं राज्यांत गुटख्यावर बंदी आली, पण हाताचें घोटणें कांहीं थांबलें नाहीं. सुपारीनें गालांच्या आंतील त्वचा दोरीसारखी ताठ होत जाते, तोंड उघडेनासें होतें, आणि याच विकारांतून पुढें कर्करोगाचीही भीति असते. ज्या तोंडांत दोन बोटें शिरत नाहींत, तेथें हाडाला भोंक पाडण्याचें यंत्र कसें शिरावें? आणि शिरलेंच तरी रोज दांत घांसण्याला ब्रश कसा शिरावा? विडी-सिगारेटनेंही स्क्रू निकामी होण्याचा धोका सुमारें दुप्पट होतो असें आढळलें आहे. मेडिकल कॉलेजच्या परिसरांतील शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून आहे. तेथील बांकांवर तोंड पुरतें न उघडणारे तरुण दिसावेत, ही या शहराला भूषणावह गोष्ट नव्हे. मधुमेहाचें तसें नाहीं. साखर ताब्यांत असेल तर मधुमेही माणसाला हा उपचार वर्ज्य नाहीं. बेफाम असेल तर जखमच भरत नाहीं. हाडें ठिसूळ होण्यावर चालू असलेलें औषध मात्र दंतवैद्याला आधीं सांगितलेंच पाहिजे, कारण त्यांतील कांहीं औषधांनीं जबड्याचें हाड शस्त्रक्रियेनंतर भरून येण्यास अडथळा होतो.

तेव्हां पैसे भरण्यापूर्वीं दांताच्या किंमतीइतकीच पुढच्या देखभालीची चौकशी व्हावी. वर्षांतून निदान एकदां तपासणी, तीही नुसती डोळ्यांनीं नव्हे. पहिल्या दिवशीं घेतलेलें क्ष-किरण चित्र जपून ठेवावें. पुढील चित्र त्याच्याशेजारीं धरलें म्हणजेच हाडाची पातळी किती उतरली हें कळतें. पहिल्या वर्षीं मिलिमीटर-दीड मिलिमीटर हाड उतरणें हें जुन्या मापाप्रमाणें क्षम्य मानीत. त्यानंतर दरसाल ०.२ मिलिमीटरहून कमी, अशी मर्यादा १९८६ सालीं सुचविण्यांत आली होती. बसविलेला स्क्रू कोणत्या कंपनीचा, किती लांबीचा व किती जाडीचा, हेंही लिहून घ्यावें. प्रत्येक कंपनीची किल्ली निराळी असते, आणि बारा वर्षांनीं वरचा दांत सैल झाला, तोंवर मूळ दंतवैद्य निवृत्त झालेला असला, तर नव्याला कुलूप दिसतें पण किल्ली कोणती तें कळत नाहीं.

आणि एक गोष्ट बहुतेक घरांत कोणाच्या ध्यानांतच येत नाहीं. साठीला बसविलेला दांत ऐंशीला तोंडांत असतो. हात मात्र तेच राहिलेले नसतात. बोटें कांपतात, नजर अधू होते, स्मृति दगा देते, आणि मग आजोबांचें तोंड सुनेनें, मुलानें वा पगारी बाईनें स्वच्छ करावयाचें असतें. कवळी काढून धुतां येते. हे दांत निघत नाहींत, आणि हें न कळल्यामुळें कोणी ते काढण्याकरितां ओढाताणही करील. म्हणून ज्या वहींत औषधांच्या वेळा लिहिलेल्या असतात त्याच वहींत, कोणते दांत स्क्रूचे आहेत, कोणत्या फटींतून बारीक ब्रश फिरवावयाचा आणि पुढची तपासणी कोणत्या महिन्यांत, हें मोठ्या अक्षरांत लिहून ती वही आजोबांच्या उशाशीं ठेवावी.