किल्ली काढून घेतलेला विषाणू

ताईच्या बाळाच्या बारशाला मी त्याला उचललंच नाही. सगळे म्हणाले, "मामाला भारी भाव चढलाय!" खरं कारण माझ्या ओठावर होतं. तापानंतर येतात ना, तेच फोड. हर्पिस सिम्प्लेक्स. मोठ्यांना त्रासदायक, पण नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतो.

हा विषाणू चेतापेशींत लपून बसतो. गोळ्यांनी फोड आवरतात, विषाणू जात नाही. आणि लस? बाजारात अजून एकही नाही. त्याच्या आवरणावरचं 'जीडी' हे एकच प्रथिन देऊन बनवलेली लस मोठ्या चाचणीत एचएसव्ही-२ रोखू शकली नाही. तो निकाल २०१२ चा.

न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये विल्यम जेकब्स आणि बेट्सी हेरोल्ड यांच्या गटाने मग उलटंच केलं. अख्खा विषाणू ठेवला, जीडीचा जीन उडवला. कोडमधून एक फंक्शन डिलीट करावं तसं! जीडी म्हणजे पेशीत शिरायची किल्ली. विषाणू वाढवताना प्रयोगशाळेतल्या खास पेशी ती पुरवतात. त्यामुळे तो शरीरात एकदा पेशीत शिरतो, पण तिथून निघणारी पुढची पिढी बिनकिल्लीची. संसर्ग पसरत नाही, आणि शरीर मात्र शत्रूला ओळखायला शिकतं. २०१५ मध्ये उंदरांना या लसीने वाचवलं.

पण उंदीर म्हणजे टेस्ट सर्व्हर, प्रॉडक्शन नव्हे. तोवर आपली लस एकच: ओठावर फोड असेल तर बाळाचा पापा नको. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. भेटू पुढच्या भागात!