पालकसभेतली दहा मिनिटं

आजचा भाग जरा घरचाच आहे. पालकसभेबद्दल बोलायचं आहे. आपण सगळे जातो, सही करतो, बाई जे सांगतील त्याला मान डोलावतो आणि घरी येतो. मीही तशीच गेले होते. काय झालं ते सांगते.

आम्ही नरडाण्याचे. शिंदखेडा तालुका, जिल्हा धुळे. गावाला मुंबई-आग्रा हायवे आहे, सुरत-भुसावळ लाइनचं स्टेशन आहे आणि आता एमआयडीसीही आहे. माझ्या मिस्टरांची तिथे शिफ्ट ड्यूटी, त्यामुळे सभेला मी एकटीच. मुलगा पहिलीत. दिवाळीची सुट्टी संपली आणि पहिल्या सत्राची सभा लागली.

माझा नंबर आला. बाईंनी नोंदवही उघडली. म्हणाल्या, "ताई, मुलगा शांत आहे, त्रास काही देत नाही. पण बोलतच नाही हो. शब्दसंपत्ती कमी आहे. इतर मुलांच्या मागे आहे."

आता बघा, माझा पोरगा आणि बोलत नाही? घरी सकाळी उठल्यापासून त्याचं तोंड बंद नसतं! आजीशी भांडतो, शेरडांशी बोलतो. पण बाईंसमोर मी काही बोलले नाही. त्यांनी त्याचा चित्रांचा कागद दाखवला. चित्र बघून नाव सांगायचं होतं. चिमणीच्या चित्रापुढे फुली, शेतापुढे फुली, ज्वारीच्या कणसापुढेही फुली. मी विचारलं, "मग तो काय म्हणाला?" बाई म्हणाल्या, "काहीतरी वेगळंच सांगतो. मला कळत नाही." आणि शेवटी म्हणाल्या, "घरी अहिराणी बंद करा. शुद्ध मराठीच बोला त्याच्याशी."

मी हो म्हटलं, सही केली आणि घरी आले.

रात्री जेवताना मी तीच चित्रं त्याला विचारली. चिमणीला तो म्हणाला "चिडी". शेताला "वावर". ज्वारीला "दादर". मंडळी, त्याला सगळं येत होतं. आमच्या घरी दादरचीच भाकर होते, त्याने खाल्लेली गोष्टच सांगितली. मी विचारलं, मग वर्गात बोलत का नाहीस? तर म्हणाला, "मी बोलनू का पोरे हासतस." एकदा त्याने वर्गात "माले पानी पेवानं शे" असं म्हटलं होतं, तेव्हा मुलं हसली. त्या दिवसापासून तो गप्प. तहान लागली तरी सुट्टी होईपर्यंत थांबायचा.

पण याहून वाईट घरात झालं. बाईंचा निरोप मी मिस्टरांना सांगत होते, तो सासूबाईंनी ऐकला. त्यांना मराठी समजतं, पण बोलता येत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या नातवाशी बोलेनाशा झाल्या. तो जवळ गेला की डोक्यावरून हात फिरवायच्या, बस. रात्रीची गोष्ट बंद. आठव्या दिवशी माझ्याजवळ रडल्या. म्हणाल्या, "मनामुये पोऱ्या मांगे पडना." तेव्हा मला माझी लाज वाटली. ज्या बाईने त्याला बोलायला शिकवलं, तिलाच मी गप्प केलं होतं.

मग मी थोडं वाचलं. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. त्याच्या कलम 29 मध्ये लिहिलं आहे की शक्य असेल तिथवर शिकवण्याचं माध्यम मुलाची मातृभाषा असावं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही घरच्या भाषेवर भर आहे. आणि अहिराणी काही चार घरांची भाषा नाही. 2011 च्या जनगणनेत खान्देशी या नावाखाली 18 लाखांवर लोकांची नोंद आहे. बहिणाबाई चौधरींना शाळा मिळाली नव्हती, पण जळगावकडच्या त्यांच्या घरच्या बोलीतल्या ओव्या आज मराठीच्या पुस्तकांत शिकवतात. मग आपलीच बोली बोलणारं पोर वर्गात मागे कसं?

त्याच कायद्यात कलम 24 आहे. शिक्षकांनी पालकांच्या नियमित सभा घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती पालकांना सांगायची. म्हणजे सभा ही काही मेहेरबानी नाही. ती आपल्यासाठीच आहे. फक्त तिथे आपणही बोलायला पाहिजे.

जानेवारीत मी परत गेले. सभा नव्हती, वेळ मागून घेतली. एका वहीत चाळीस शब्द लिहून नेले. एका बाजूला आमचा शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला. भांडायला गेले नव्हते. बाई बाहेरच्या जिल्ह्यातल्या, त्यांना आमची बोली कशी कळणार? त्यांनी वही शांतपणे वाचली. "चिडी" वर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "म्हणजे हा बरोबर सांगत होता." मग हसल्या आणि म्हणाल्या, "ही वही माझ्याकडे राहू द्या."

आता खरं तेही सांगते. बाईंनी हजेरीपट माझ्यासमोर ठेवला. कापूस वेचणीच्या दिवसांत आणि लग्नांच्या नादात आमचे एकोणीस दिवस बुडाले होते. जोडाक्षरं त्याला खरंच येत नव्हती. तो दोष अहिराणीचा नव्हता, आमचा होता. पहिल्या सभेतही त्यांनी हजेरीचं सांगितलं असेल, पण "मागे आहे" ऐकल्यावर मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. तर दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सुटलं होतं.

पुढच्या आठवड्यात बाईंनी वर्गात विचारलं, "चिमणीला तुमच्या घरी काय म्हणतात?" अर्धा वर्ग ओरडला, "चिडी!" हे मला पोराने घरी येऊन सांगितलं, उड्या मारत. आता तो वर्गात पाणी मागतो. कधी अहिराणीत, कधी मराठीत. वाचन अजून अडखळतं, रोज संध्याकाळी बसतो आम्ही.

म्हणून मंडळी, पुढच्या सभेला जाल तेव्हा "मार्क किती?" एवढंच विचारून येऊ नका. विचारा, तो वर्गात कोणाजवळ बसतो? काही लागलं तर मागतो का? चुकला तेव्हा नेमकं काय म्हणाला? आणि घरी कोणती भाषा बोलता ते बाईंना पहिल्याच दिवशी सांगा. ते त्यांना दुसरं कोणी सांगणार नाही.

आणि हो, रात्रीची गोष्ट परत सुरू झाली आहे. सासूबाई अहिराणीत सांगतात आणि तो मध्येच थांबवून त्यांना म्हणतो, "आजी, याला मराठीत काय म्हणतात माहीत आहे का?"

तुमच्या पोराच्या सभेत काय झालं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. राम राम.