आभाळ आत घेणारे घर

मंडळी, 'घर पाहावं बांधून' असं आपण म्हणतो. घरात जन्माची कमाई खर्ची पडते. म्हणून आज घरे आणि चर्च बांधणाऱ्या एका माणसाची माहिती सांगतो. त्यांचे नाव चार्ल्स कोरिया.

कोरियांचे घराणे मूळचे गोव्याचे. त्यांचा जन्म १९३० साली सिकंदराबादला झाला. अमेरिकेत शिकून ते परत आले. १९५८ साली त्यांनी मुंबईत स्वतःचे काम सुरू केले.

साबरमतीचे गांधी स्मारक संग्रहालय त्यांनीच उभारले. ते १९६३ साली पुरे झाले. बापू साधे, तशीच इमारत साधी. विटांचे खांब, वर कौले, मधे मोकळा चौक. खिडक्यांना काच नाही, लाकडी झडपा आहेत. आपल्या गवंड्या-सुतारांच्या ओळखीचेच सारे!

दादरचे चर्च १९७७ साली झाले. मुंबईची हवा दमट. माणसे दाटीने बसली की जीव गुदमरतो. कोरियांनी छपरे उंच आणि निमुळती केली. वरचे तोंड धुराड्यासारखे ठेवले. गरम हवा हलकी असते. ती वर चढून निघून जाते. मग चौकातली हवा आत येते. आपल्या नाशिकच्या जुन्या वाड्यांतला चौक तरी दुसरे काय करतो?

नवी मुंबईत बेलापूरला त्यांनी १९८३ ते १९८६ या काळात वसाहत वसवली. सात घरे आणि मधे एक सामाईक चौक. चौक आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद. कुणाची जागा ४५ चौरस मीटर, तर कुणाची सुमारे ७५. फार मोठा भेद ठेवला नाही. शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही. का बरे? हाती पैसा आला की खोली वाढवता यावी, आणि त्यावरून तंटा होऊ नये.

पुढे अनेकांनी ती घरे पाडून उंच घरे बांधली. कुटुंब वाढले की असे होतेच. पण घरांमधले सामाईक चौक राहिले.

कोरिया २०१५ साली वारले. त्यांची शिकवण आपल्या कामाची आहे. अंगण बुजवून खोली काढण्याआधी थांबा. वारा कुठून येतो ते पाहा. उद्याची खोली कुठे येईल ते ठरवा. कागदावर नकाशा काढून घ्या आणि त्यावरचे आकडे स्वतः वाचा. आता तुम्हाला वाचता येतं. न कळलं तर गवंड्याला विचारा. पैसा तुमचा आहे आणि राहायचंही तुम्हालाच आहे.