मनगट मोडले तेव्हा



तीन वर्षांपूर्वी मोरीत पाय घसरला व माझे मनगट मोडले. पाळी जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. प्लॅस्टर निघाले, पोळ्या लाटू लागले आणि मी सारे विसरले. गेल्या वर्षी भरलेली बादली उचलताना पाठीत कळ आली. मणका चेपला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मनगट मोडले तेव्हाच हाडांची तपासणी केली असतीत तर!"

पाळी गेल्यावर शरीरातले इस्ट्रोजेन कमी होते व पहिली काही वर्षे हाडे झपाट्याने झिजतात. ही झीज दुखत नाही, म्हणून कळत नाही. साध्या पडण्याने हाड मोडले, तर ते नशीब नव्हे, इशारा होय. डेक्सा ही तपासणी थोड्याच मिनिटांची असते. सुईसुद्धा टोचत नाहीत.

या वयात रोज सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळते. दूध, तीळ, कोवळे ऊन, चालणे हवेच. पण हाड एकदा मोडले असेल, तर तेवढ्यावर विसंबू नका, औषधाचे विचारा.

साऱ्या घराची दुखणीखुपणी आपण सांभाळतो. स्वतःचे दुखणे मात्र "होईल बरे" म्हणून सोडू नका, एवढीच विनंती.