उपकरणातील लिनक्स आणि मॉड्यूलची साधने



लिनक्सचा गाभा, म्हणजेच कर्नेल, आपल्या सर्व सेवा एकाच वेळी स्मृतीत बाळगतो असे नाही. जाळ्याशी जोडणारा किंवा यूएसबी ओळखणारा भाग मॉड्यूलच्या रूपाने वेगळा ठेवून प्रसंगी जोडता येतो. ही जोडणी करणारी साधने मोठ्या संगणकावर सहज सामावतात. परंतु ज्या राउटरमध्ये सारी प्रणाली आठ किंवा सोळा मेगाबाइटांत बसवावयाची असते, तेथे निवडीचा प्रश्न उभा राहतो.

'इन्समॉड' हे साधन दिलेली फाइल तेवढी गाभ्यात चढविते. त्या मॉड्यूलला दुसऱ्याचा आधार लागत असल्यास ते शोधीत नाही. 'मॉडप्रोब' मात्र परस्परावलंबनाची यादी वाचून आधारभूत मॉड्यूल आधी चढविते. ही यादी 'डेपमॉड' तयार करते. प्रतिमा बांधतानाच मोठ्या संगणकावर ती करून ठेवली, तर उपकरणात डेपमॉडची गरज सहसा उरत नाही.

ही साधने प्रामुख्याने दोन घराण्यांतून मिळतात. 2011 च्या अखेरीस आलेल्या 'केमॉड'ने जुन्या संचाची जागा घेतली. त्याचे ग्रंथालय 'सिस्टिमडी'च्या यंत्रणेलाही लागते. दुसरे घराणे 'बिझीबॉक्स'चे. ब्रूस पेरेन्स यांनी 1995 मध्ये डेबियनची प्रतिष्ठापना एका फ्लॉपीवर बसावी म्हणून त्याचा आरंभ केला. त्यात अनेक आज्ञा एकाच फाइलीत नांदतात. म्हणून मॉड्यूलच्या साधनांचा अतिरिक्त भार अल्प असतो.

तेव्हा प्रतिमेत सिस्टिमडी असेल, तर केमॉडचे ग्रंथालय सहसा येतेच. बिझीबॉक्सची साधने घेऊन फारशी बचत होत नाही. केवळ बिझीबॉक्सवर चालणाऱ्या उपकरणात मात्र त्याचीच साधने उचित ठरतात. यंत्रसामग्री कायमची ठरलेली असल्यास आवश्यक भाग गाभ्यातच बांधून मॉड्यूल टाळणे हा सर्वांत हलका मार्ग होय.

परंतु केवळ आकाराकडे पाहणे धोक्याचे आहे. मॉड्यूल ज्या पद्धतीने दाबून लहान केले, ती पद्धत उलगडण्याची सोय निवडलेल्या साधनात हवी. स्वाक्षरी केलेल्या मॉड्यूलमधील अनावश्यक चिन्हे नंतर छाटल्यास स्वाक्षरी नष्ट होते, आणि स्वाक्षरीची सक्ती असलेला गाभा ते नाकारतो. दूरच्या खांबावर बसविलेल्या यंत्राचे जाळ्याचे मॉड्यूल असे अडले, तर दुरुस्तीची वाटच बंद होते. म्हणून प्रतिमा रवाना करण्यापूर्वी प्रत्येक आवश्यक मॉड्यूल त्याच साधनाने, त्याच यंत्रावर चढवून पाहावे. काही किलोबाइटांच्या बचतीपेक्षा ही खात्री अधिक मोलाची आहे.