बायबलातील करार

हैदराबाद शहरात कोठीजवळ जामबाग नावाचा भाग आहे. तेथील विवेक वर्धिनी ही संस्था मराठी मंडळींनी विसाव्या शतकाच्या आरंभी उभारली. या परिसरात मराठी, उर्दू आणि तेलुगू या तिन्ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींच्या शेजारी नांदत आल्या आहेत. ख्रिस्ती लोकांचे पवित्र शास्त्र या तिन्ही भाषांत उपलब्ध आहे. परंतु त्यातील एका मध्यवर्ती कल्पनेला तिन्हींनी तीन वेगळी नावे दिली आहेत. मराठी बायबलात तिला ‘करार’ म्हटले आहे, उर्दूत ‘अहद’, तर तेलुगूत ‘निबंधन’. त्या शास्त्राच्या दोन भागांची नावेही याच शब्दांवरून पडली. मराठी वाचक जुना करार व नवा करार म्हणतो, उर्दू वाचक पुराना अहदनामा व नया अहदनामा म्हणतो. अहद म्हणजे दिलेले वचन. निबंधन म्हणजे बांधून घेणे. आणि करार म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मुद्रांकाचा कागद, दोन पक्ष आणि खाली साक्षीदारांच्या सह्या उभ्या राहतात. मूळ कल्पना यांपैकी कोणती, हा प्रश्न केवळ शब्दकोशाचा नाही. देव आणि मनुष्य यांच्यामधील नाते हा एक सौदा आहे की काय, असा तो प्रश्न आहे.

मूळ हिब्रू शब्द ‘बरीथ’ असा आहे, आणि हिब्रू भाषेत करार ‘करीत’ नाहीत, तो ‘कापतात’. या वाक्प्रचारामागील विधी उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात आला आहे. निपुत्रिक आणि वृद्ध अब्राम आपल्या संततीविषयी व मिळणाऱ्या भूमीविषयी देवाला खूण मागतो. आज्ञेप्रमाणे तो एक कालवड, एक शेळी आणि एक मेंढा दुभागून त्यांचे अर्धे अर्धे भाग समोरासमोर मांडतो. प्राचीन रीतीप्रमाणे वचन देणारे त्या दोन रांगांमधून चालत जात. ‘वचन मोडले तर या पशूंची गती ती माझी होवो’ असा त्या चालण्याचा अर्थ होता. परंतु या प्रसंगी अब्राम चालत नाही. सूर्य मावळण्याच्या सुमारास त्याला गाढ झोप लागते, काळोख दाटतो आणि धुमसती भट्टी व जळती मशाल यांच्या रूपाने केवळ देवाचे सान्निध्य त्या भागांमधून जाते. दुर्बळ पक्ष निद्रिस्त आहे. शपथेचा भार समर्थ पक्षाने एकट्याने उचलला आहे. सौद्याच्या भाषेत ही गोष्ट बसत नाही.

मराठी माणसाला ती अगदीच अपरिचित वाटू नये. मराठेशाहीच्या दफ्तरांत तहनामा आणि सनद हे दोन निराळे कागद असत. तहनाम्यात दोन्ही बाजूंवर अटी येतात. सनदेत देणारा देतो आणि घेणारा कृतज्ञतेने स्वीकारतो. उजाड गावी परतणाऱ्या रयतेला मिळणारा कौल हाही सत्ताधाऱ्याने दिलेला अभयाचा शब्द होता. मोशे वाइनफेल्ड या अभ्यासकाने १९७० साली बायबलातील करारांत असाच भेद दाखविला. अब्राहाम व दावीद राजा यांच्याशी झालेले करार दानपत्राच्या जातीचे, तर सीनाय पर्वतावर मोशेच्या द्वारे झालेला करार तहाच्या जातीचा, असे त्याचे प्रतिपादन होते. त्यापूर्वी १९५४ साली जॉर्ज मेंडेनहॉल यांनी सीनायच्या कराराची तुलना हित्ती सम्राटांनी मांडलिकांशी केलेल्या तहांशी केली होती. हे तह तुर्कस्तानातील बोगाझकोय येथे सापडलेल्या मातीच्या विटांवर कोरलेले आहेत. सम्राटाने आधी केलेले उपकार, मग मांडलिकाची कर्तव्ये, देवतांची साक्ष आणि शेवटी आशीर्वाद व शाप, असा त्यांचा क्रम असतो. या साम्याच्या काळाविषयी व व्याप्तीविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तरीही एक गोष्ट स्पष्ट दिसते: दहा आज्ञांच्या आरंभी मिसर देशातील दास्यातून केलेल्या मुक्ततेचे स्मरण आहे, आणि आज्ञा त्यानंतर आल्या आहेत. आधी उपकार, मग अट.

कराराच्या साक्षीदारांचेही असेच आहे. महाराष्ट्रातील शिलाहार व यादव काळच्या दानलेखांवर माथ्याशी सूर्य व चंद्र कोरलेले दिसतात. ते आकाशात आहेत तोवर दान अबाधित राहावे, हा त्यांचा अर्थ. दान मोडणाऱ्याला निर्भर्त्सनेचा शाप देणारे गद्धेगाळाचे दगड कोकणात आजही उभे आहेत. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात आणि स्तोत्रांतही दावीदाच्या वंशाला दिलेल्या वचनासाठी दिवस व रात्र, सूर्य व चंद्र यांचाच दाखला येतो. नोहाबरोबर झालेला करार तर सर्व प्राणिमात्रांशी आहे. मेघातील धनुष्य ही त्याची खूण. तेथे मनुष्यावर सही करण्याचीही पाळी येत नाही.

ग्रीक भाषांतरकारांपुढे, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत, नेमकी हीच अडचण उभी राहिली. दोन समान पक्षांच्या करारनाम्याला ग्रीकमध्ये ‘सिंथेके’ असा शब्द तयार होता. त्यांनी तो टाळला आणि ‘दियाथेके’ हा शब्द निवडला. त्याचा रूढ अर्थ मृत्युपत्र. वारसाने मृत्युपत्रावर घासाघीस करावयाची नसते. देणाऱ्याने जे ठरविले ते स्वीकारावयाचे असते. पुढे लॅटिन भाषेत त्याचे ‘तेस्तामेंतुम’ झाले. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा कर्ता याच दुहेरी अर्थाचा आधार घेऊन ख्रिस्ताच्या मरणाचे महत्त्व विशद करतो.

परंतु दानपत्र मिळाले म्हणजे घेणाऱ्याचे कर्तव्य संपले, असे मात्र नाही. कराराची खूण जतन करणे हे त्याच्याकडे येते. याचे विलक्षण उदाहरण कोकणच्या मराठीभाषी बेने इस्राएल समाजात सापडते. इतर यहुदी जगापासून दीर्घकाळ दुरावलेल्या या लोकांनी ग्रंथ जवळ नसतानाही मुलाची आठव्या दिवशी सुंता आणि शनिवारची विश्रांती या दोन गोष्टी सोडल्या नाहीत. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. सुंता ही अब्राहामाच्या कराराची खूण, आणि शब्बाथ ही सीनायच्या कराराची. यहुदी समाजाच्या दृष्टीने हा करार जुना झालेला नाही, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

खूण टिकली आणि न्याय सुटला तर काय होते, याचा निवाडा यिर्मयाच्या ग्रंथाच्या चौतिसाव्या अध्यायात आहे. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला होता. सिद्कीया राजाने सरदारांसह मंदिरात करार कापला की सर्वांनी आपापल्या हिब्रू दासदासींना मोकळे करावे. वासरू दुभागले गेले, प्रतिष्ठित लोक त्या भागांमधून चालले, दास मुक्त झाले. मिसरी सेना येत असल्याच्या वार्तेने वेढा काही काळ उठला. संकट टळले असे वाटताच मालकांनी त्याच माणसांना पुन्हा धरून दास्यात लोटले. संदेष्ट्याने त्यांना मंदिरातील यज्ञांचा जाब विचारला नाही, दासांचा विचारला. गरिबाला दिलेला शब्द मोडणे म्हणजे देवाशी केलेला करार मोडणे होय, हा त्याचा निर्वाळा होता. बाबेलचे सैन्य परत आले आणि ख्रिस्तपूर्व ५८७ च्या सुमारास नगर जळाले. दास विकत घेणारा हात आणि मंदिरात शपथ घेणारा हात निराळे मानता येत नाहीत, हा त्या अध्यायाचा धडा आहे.

याच यिर्मयाच्या ग्रंथात थोडे आधी, एकतिसाव्या अध्यायात, नव्या कराराची वाणी येते. तो अंतःकरणावर लिहिला जाईल आणि पूर्वीच्या अपराधांचे स्मरण उरणार नाही, असे तेथे सांगितले आहे. येशूने आपल्या मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर भोजन करताना द्राक्षरसाचा प्याला या नव्या कराराशी जोडला, असे लूकच्या शुभवर्तमानात व पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात नमूद आहे. अब्रामाच्या रात्री समर्थाने आपल्यावर घेतलेला शपथेचा भार येथे आपल्या रक्ताने फेडला गेला, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. म्हणूनच पौल त्या भोजनाला बसणाऱ्या श्रीमंतांना खडसावतो. तेथे काही जण पोटभर जेवत होते आणि गरीब उपाशी राहत होते. यिर्मयाचा जाब येथेही कायमच राहिला आहे.

मग मराठी भाषांतराने निवडलेला ‘करार’ हा शब्द चुकला काय? तसे म्हणता येणार नाही. तो शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि त्याचा मूळ अर्थ स्थैर्य असा आहे. जामबागेतील उर्दू बोलणारा शेजारी मनाला स्वस्थता लाभली तर ‘करार’ आला म्हणतो आणि ती हरपली तर ‘बेकरार’ झालो म्हणतो. मराठीनेही हा अर्थ पुरता गमावलेला नाही. दिल्या शब्दापासून न ढळणाऱ्या माणसाला ती ‘करारी’ म्हणते. बायबलातील करार समजून घ्यावयाचा तर मुद्रांकाच्या कागदापेक्षा हा करारी माणूस डोळ्यांपुढे आणणे अधिक योग्य ठरेल. देव आपल्या शब्दापासून ढळत नाही, हा त्या कराराचा पहिला अर्धा भाग आहे. मनुष्याने आपल्यापेक्षा दुर्बळ असलेल्याला दिलेला शब्द संकट टळल्यानंतरही पाळावा, हा दुसरा.