मिठाची झिलई: लोणच्यासाठी जर्मन बरणी शोधताना

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "तिकडे लोणचं घालतेस ते कशात?" म्हणून आज फक्त भांड्याबद्दल बोलू.

मी कोलोनला असते, सॉफ्टवेअरमध्ये. आजी राजापूरची. तिचे खारातले आंबे पुढच्या मोसमापर्यंत टिकायचे. आता तिचे हात थरथरतात, त्यामुळे दोन वर्षं तिने घातलेच नाहीत. कागदावर काही लिहिलेलं नाही, सगळं तिच्या डोक्यात. मग व्हिडिओ कॉलवर ती सांगते, मी करते. तिची पहिली अट होती: "बाय, आधी बरणी बघ. प्लास्टिकात माझे आंबे घालायचे नाहीत."

तिचं बरोबर आहे. खारवलेल्या कैरीत मीठ आणि आंबट दोन्ही. धातू त्यात टिकत नाही, आणि प्लास्टिकला वास धरतो तो जातच नाही.

आपल्याकडची वर चॉकलेटी, खाली पांढरट बरणी असते ना, तिला बाहेरून पातळ कालवलेली झिलई लावून भाजतात. माझ्या घराजवळच्या वेस्टरवाल्ड भागात वेगळीच पद्धत आहे: सॉल्ट-ग्लेझ. भट्टी १२०० अंश सेल्सिअसच्या वर गेली की आत चक्क मीठ टाकतात, आपलं साधं मीठ. त्याची वाफ होते, त्यातलं सोडियम मातीतल्या सिलिकाशी जोडलं जातं आणि भांड्याच्या अंगावरच काच तयार होते. म्हणजे झिलई बाहेरून चिकटवलेली नसते, मातीचाच वरचा थर काच झालेला असतो. केमिस्ट्रीच्या लेक्चरला झोपलेल्यांसाठी: उरलेलं क्लोरीन हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडची वाफ होऊन धुराड्यातून बाहेर पडतं. असा धूर शेजारी कोणाला हवा असणार? आज अशा भट्ट्या मोजक्याच उरल्यात.

ऱ्हाइन नदीच्या पट्ट्यात हे काम मध्ययुगापासून चालत आलंय. १६व्या शतकाच्या अखेरीस रेरन आणि झीगबुर्गचे काही कुंभार वेस्टरवाल्डला येऊन वसले. त्या मुलुखाचं नावच 'कानेनबेकरलांट', म्हणजे सुरया भाजणाऱ्यांचा प्रदेश. होअर-ग्रेन्झहाउझेन गावात सिरॅमिकचं मोठं म्युझियम आहे. खरेदीच्या आधी तिथे जा, हा माझा सल्ला. दोन तास खरा माल बघितला की बाजारात डोळा फसत नाही. राखाडी अंग, त्यावर कोबाल्टची निळी नक्षी, ही तिथली ओळख.

आता खरेदी. नवं भांडं थेट कुंभाराकडून घेतलं तर महाग पडतं, पण पैसे त्याच्या हातात जातात. मी जुनं घेतलं, रविवारच्या जुन्या बाजारात. ऑनलाइनही पाहिलं होतं. एका विक्रेत्याने 'सॉल्ट-ग्लेझ' लिहिलं होतं, पण फोटोत पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत! खऱ्याला संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे असतात. बोट फिरवलं की लगेच कळतं. शिवाय ही भांडी दगडासारखी जड, पोस्टाने मागवली तर फुटायची भीती. मी म्हणेन, हातात घेऊनच घ्या.

बोटाच्या पेराने टिचकी मारा. घंटेसारखा आवाज आला तर उत्तम. 'थप्प' असा बसका आला तर कुठेतरी तडा आहे, मग विक्रेता कितीही गोड बोलो. मोबाइलचा टॉर्च आत लावा, कानांच्या खाली आणि तळाच्या कडेला बघा. काठाचा टवका चालतो, तडा नाही. नाक आत घाला (लोक बघतात, बघू देत). खवट चरबीचा वास असेल तर सोडून द्या. अंगावर ५ किंवा १० असा आकडा दिसला तर तो बहुधा लिटरचा. मी ५ लिटरवालं घेतलं. त्याने २५ युरो सांगितले, १८ला दिलं. तुळशीबागेची ट्रेनिंग कुठेही उपयोगी पडते!

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. लालसर, मऊ मातीचं, चकचकीत झिलईचं जुनं भांडं सुंदर दिसलं तरी आंबट पदार्थासाठी घेऊ नका. कमी तापमानावर भाजलेल्या जुन्या झिलईत शिसं असू शकतं आणि आंबटात ते उतरतं. शोभेला ठेवा, खायला नको.

घरी आणल्यावर भांडं पाण्याने भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद कोरडा हवा.

दुकानात अजून एक प्रकार दिसेल: काठाला खोलगट पन्हळ असलेलं, कोबी आंबवायचं भांडं. पन्हळीत पाणी भरून झाकण ठेवलं की आतला वायू बुडबुडे काढत बाहेर येतो, बाहेरची हवा आत जात नाही. तेलाच्या लोणच्याला याची गरज नाही, आपला दादरा बांधला की झालं. पण खारातल्या आंब्यांना हे छान. सोबत अर्धचंद्रासारखी दोन वजनं मिळतात, कैऱ्या पाण्याखाली दाबून ठेवायला. पन्हळीतलं पाणी मात्र आटतं, दर दोन-तीन दिवसांनी बघा.

आणि उकळतं पाणी एकदम ओतू नका. आधी कोमट पाण्याने भांडं गरम करा, मग धुवा, आणि दोन दिवस उन्हात उपडं ठेवा. जर्मनीत ऊन नसेल तर हीटरजवळ, पण हीटरवर नाही.